विश्लेषण : ‘कॉस्मेटिक डेंटिस्ट’ ही पदवी आहे का? दातांचे रूप बदलण्याआधी काय तपासावे?

लग्नसराई जवळ आली की मोबाइलवर दातांच्या दवाखान्यांच्या जाहिराती वाढतात. ‘हॉलीवूड स्माइल’, ‘दोन भेटींत स्माइल मेकओव्हर’, ‘सुलभ हप्त्यांवर व्हेनिअर’ अशा रील्सखाली डॉक्टरांच्या नावापुढे ‘कॉस्मेटिक डेंटिस्ट’ असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात भारतातील दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणात या नावाची शाखाच नाही. त्यामुळे हे बिरूद लावणारी व्यक्ती उत्तम तज्ज्ञ असू शकते आणि चार दिवसांचा अभ्यासक्रम केलेला नवखा डॉक्टरही असू शकतो. पाटी वाचून दोघांमधला फरक कळत नाही. तो कसा ओळखावा, कोणत्या उपचारात दात कायमचा घासला जातो आणि काही बिघडले तर दाद कुठे मागता येते, याचा हा आढावा.

‘कॉस्मेटिक डेंटिस्ट’ म्हणजे नेमके कोण?

दंतवैद्य होण्यासाठी बीडीएस ही पदवी लागते. चार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची इंटर्नशिप असा हा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यानंतर ज्यांना विशेष शिक्षण घ्यायचे असते, ते तीन वर्षांचे एमडीएस करतात. भारतीय दंत परिषदेच्या एमडीएस नियमावलीत नऊ शाखा आहेत. कृत्रिम दात व कॅप, हिरड्यांचे विकार, तोंड व जबड्याची शस्त्रक्रिया, दातांचे जतन व रूट कॅनाल, वेडेवाकडे दात सरळ करणे, मुलांचे दंतोपचार, मुखरोग निदान व क्ष-किरण, मुखविकृतिशास्त्र आणि सार्वजनिक दंत आरोग्य अशा या शाखा. या यादीत ‘कॉस्मेटिक’ नाही, ‘स्माइल डिझायनिंग’ नाही आणि ‘इम्प्लांटॉलॉजी’ही नाही.

म्हणजे हे शब्द कामाचे वर्णन करतात, पात्रतेचे नाही. बीडीएस डॉक्टरला व्हेनिअर बसवण्यास किंवा दात पांढरे करण्यास कायद्याने मनाई नाही आणि वर्षानुवर्षे हेच काम सफाईने करणारे बीडीएस डॉक्टर अनेक शहरांत आहेत. अडचण वेगळी आहे. ‘फेलो’, ‘सर्टिफाइड’, ‘मास्टर’ अशी जी बिरुदे नावापुढे लागतात, त्यातली काही दोन वर्षांच्या प्रशिक्षणाची असतात, तर काही एका शनिवार-रविवारच्या कार्यशाळेची. म्हणून प्रमाणपत्रावर संस्थेचे नाव काय आहे, यापेक्षा प्रशिक्षण किती काळाचे होते आणि त्यात प्रत्यक्ष रुग्णांवर काम होते का, हे विचारणे उपयोगाचे ठरते.

मग कोणत्या कामासाठी कोणाकडे जावे?

‘हसू सुंदर करायचे आहे’ ही तक्रार नसते, ती इच्छा असते. तिच्यामागची अडचण कोणती, यावर डॉक्टर ठरतो. दात पुढे आलेले, एकमेकांवर चढलेले किंवा फटी असलेले असतील तर ते काम ऑर्थोडॉन्टिस्टचे. त्यासाठी तारा किंवा पारदर्शक अलायनर वापरतात. कॅप, ब्रिज, व्हेनिअर आणि इम्प्लांटवर बसवायचा दात ही प्रोस्थोडॉन्टिस्टची कामे. तुटलेल्या कडेला दाताच्या रंगाचे मटेरिअल लावून आकार देणे, म्हणजे बाँडिंग, तसेच ब्लीचिंग आणि रूट कॅनाल हे एन्डोडॉन्टिस्टच्या अभ्यासक्रमाचा भाग आहे. हसताना हिरड्या जास्त दिसत असतील किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल तर पेरिओडॉन्टिस्ट. जबड्याची ठेवणच पुढे-मागे असेल तर ऑर्थोडॉन्टिस्ट आणि ओरल सर्जन या दोघांचे मत लागते.

इथे एक गोष्ट नेहमी घडते. थोडे वाकडे असलेले निरोगी दात तारा लावून वर्ष-दीड वर्षात सरळ होऊ शकतात. पण लग्न दोन महिन्यांवर असते. मग तेच दात घासून त्यांच्यावर व्हेनिअर किंवा कॅप बसवली जाते आणि दात ‘सरळ’ दिसू लागतात. पहिल्या मार्गात वेळ जातो, दुसऱ्या मार्गात दाताचा काही भाग जातो. रुग्णासमोर दोन्ही पर्याय मांडणारा डॉक्टर आणि फक्त दुसराच सांगणारा डॉक्टर यांत फरक करायला हवा.

डॉक्टरची नोंदणी कशी तपासायची?

भारतात दंतवैद्याला राज्य दंत परिषदेकडे नोंदणी केल्याशिवाय व्यवसाय करता येत नाही. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र राज्य दंत परिषद करते, तर गोव्यात गोवा राज्य दंत परिषद. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने ही व्यवस्था उभी राहिली. त्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा मंजूर केला. राज्य परिषदांकडील नोंदणी नव्या कायद्यातही कायम आहे.

दंतवैद्यांच्या २०१४ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात दर्शनी लावायचा असतो आणि चिठ्ठीवर, पावतीवरही छापायचा असतो. त्यामुळे क्रमांक विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. मिळालेला क्रमांक, नाव आणि पदवी जुळते का, हे राज्य परिषदेकडे पडताळता येते. नोंदणी दुसऱ्या राज्यातील असेल तर त्या राज्याच्या परिषदेकडे विचारणा करावी लागते.

साखळी दवाखान्यांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. भिंतीवरचे प्रमाणपत्र एका डॉक्टरचे, पहिली तपासणी दुसऱ्याने केलेली आणि दात घासणारा तिसराच, असे होऊ शकते. म्हणून ‘माझ्या दातांवर प्रत्यक्ष काम कोण करणार’ हे आधी विचारून त्याच डॉक्टरचे नाव आणि क्रमांक चिठ्ठीवर लिहून घ्यावा.

कायदा असताना बोगस डॉक्टर कसे फावतात?

कारण शिक्षेची धार बोथट राहिली. १९४८ च्या कायद्यात नोंदणीविना व्यवसाय करणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी ५०० रुपयांपर्यंत दंड होता. पुन्हा गुन्हा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड. १९४८ साली ५०० रुपये ही मोठी रक्कम होती. आज दात स्वच्छ करण्याचे बिल त्याहून जास्त होऊ शकते.

दुसरे कारण म्हणजे काही कामे दवाखान्याबाहेर गेली आहेत. दात पांढरे करण्याची सेवा काही पार्लर आणि सलूनमध्येही दिली जाते. युरोपीय संघात याबाबत स्पष्ट नियम आहे. ०.१ टक्क्यापेक्षा जास्त आणि ६ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेले उत्पादन फक्त दंतवैद्यांना विकता येते, पहिला वापर त्यांच्या देखरेखीखालीच व्हावा लागतो आणि १८ वर्षांखालील व्यक्तीवर ते वापरता येत नाही. जेलची तीव्रता हिरड्या भाजण्याइतकी असू शकते, हे त्यामागचे कारण. पार्लरमध्ये ‘डब्यातल्या जेलमध्ये पेरॉक्साइड किती टक्के आहे’ या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर तिथून परत फिरावे.

दात पिवळे का, हे आधी का पाहायचे?

कारण प्रत्येक डागाचा उपाय वेगळा आहे. चहा, तंबाखू, गुटखा किंवा मशेरीचे डाग दाताच्या बाहेरच्या बाजूला असतात. ते बहुतेकदा साध्या स्केलिंग-पॉलिशिंगने निघतात. त्यासाठी ब्लीचिंगचे पैसे मोजण्याची गरज नसते. डाग निघाल्यावरही सवय सुटली नाही तर ते परत येतात, हे वेगळे.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. लहानपणी यापेक्षा जास्त फ्लोराइड पोटात गेले तर पक्क्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग येतात. हे डाग दाताच्या आवरणातच असतात. नुसते ब्लीचिंग केले तर पांढरे पट्टे उलट जास्त उठून दिसू शकतात. अशा वेळी वरचा अगदी पातळ थर घासून काढणे किंवा बाँडिंग हे पर्याय आधी पाहिले जातात. लहानपणी घेतलेल्या टेट्रासायक्लिन गटातील औषधांमुळे आलेला करडा रंग आणखी चिवट असतो.

एकच दात काळवंडला असेल तर प्रकरण सौंदर्याचे नसूही शकते. जुन्या मारामुळे आतली नस मेलेली असू शकते. तिथे आधी एक्स-रे लागतो. त्याशिवाय त्यावर थेट व्हेनिअर चढवणे म्हणजे आतला आजार झाकणे.

आणखी एक साधी बाब अनेकांना उशिरा कळते. ब्लीचिंगने नैसर्गिक दाताचा रंग बदलतो, कॅपचा किंवा फिलिंगचा बदलत नाही. पुढच्या दाताला कॅप असेल तर पांढऱ्या दातांमध्ये ती एकटी पिवळी दिसू लागते. म्हणून दोन्ही कामे करायची असतील तर क्रम ठरलेला असतो. आधी दात पांढरे करायचे, रंग स्थिर होऊ द्यायचा आणि मग त्या रंगाची कॅप बनवायची.

व्हेनिअर आणि कॅप यात फरक काय?

व्हेनिअर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवलेला सिरॅमिकचा पातळ पापुद्रा. तो साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. कॅप मात्र दाताला चारी बाजूंनी टोपीसारखी बसते, त्यामुळे दात सगळीकडून घासावा लागतो. पुढच्या दातांवर २००२ मध्ये झालेल्या एका प्रयोगशाळेतील अभ्यासात व्हेनिअरसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागाचा ३ ते ३० टक्के अंश काढावा लागतो असे आढळले. पूर्ण कॅपसाठी हेच प्रमाण ६३ ते ७२ टक्के होते.

दाताचे वरचे आवरण, म्हणजे एनॅमल, तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत संपून गेलेल्या असतात. म्हणून हाड जुळते, जखम भरते, पण घासलेले एनॅमल परत येत नाही. एकदा घासलेल्या दातावर आयुष्यभर काही ना काही आवरण ठेवावे लागते. चांगले सिरॅमिक व्हेनिअर साधारण १० ते १५ वर्षे टिकते. २५ व्या वर्षी बसवले तर साठीपर्यंत ते दोन ते तीन वेळा बदलावे लागेल असा हिशेब होतो. जाहिरातीतील दर फक्त पहिल्या खेपेचा असतो.

ब्रिटनमध्ये ‘टर्की टीथ’ हा शब्दप्रयोग याच गोंधळातून रूढ झाला. स्वस्तात दात करून घेण्यासाठी तुर्कस्तानला गेलेल्या अनेक तरुणांना आपल्याला व्हेनिअर बसवले असे वाटत होते. प्रत्यक्षात त्यांचे निरोगी दात खुंटीसारखे घासून त्यावर कॅप बसवल्या होत्या. इतके घासल्यावर नसेला इजा होऊन पुढे रूट कॅनालची वेळ येण्याचा धोका वाढतो. महाराष्ट्रातील रुग्णालाही हाच प्रश्न विचारता येतो : ‘तुम्ही व्हेनिअर बसवणार की कॅप, आणि माझा दात किती घासणार?’

घरपोच अलायनर घ्यावेत का?

अमेरिकेतील ‘स्माइलडायरेक्टक्लब’ या कंपनीचे उदाहरण इथे बोलके आहे. दाताचा साचा घरीच घ्यायचा, अलायनर टपालाने मागवायचे आणि दवाखान्यात जायचेच नाही, हे तिचे सूत्र होते. सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि डिसेंबरमध्ये कामकाज बंद केले. ज्यांचे उपचार अर्ध्यावर होते त्यांना स्थानिक दंतवैद्याकडे जाण्यास सांगण्यात आले. हप्त्यांवर अलायनर घेतलेल्यांनी मात्र हप्ते भरत राहावे, अशी कंपनीची भूमिका होती.

अलायनर दाताला हाडातून सरकवतो. हाड झिजलेले असेल, हिरडीला आजार असेल किंवा आत दात अडकलेला असेल तर हे सरकवणे धोक्याचे ठरते. ते एक्स-रे आणि प्रत्यक्ष तपासणीशिवाय कळत नाही. भारतातही ऑनलाइन अलायनर विकणाऱ्या कंपन्या आहेत. त्यातल्या कोणाकडूनही घेताना कंपनीचे नाव बाजूला ठेवून एकच पाहावे. या उपचाराची जबाबदारी घेणारा, नाव-क्रमांकासह ओळखता येणारा ऑर्थोडॉन्टिस्ट आपल्या शहरात आहे का?

सौंदर्योपचारात जिवाला धोका असतो का?

क्वचित, पण असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये हैदराबादमध्ये लग्न ठरलेल्या एका तरुणाचा ‘स्माइल डिझायनिंग’साठी दवाखान्यात गेला असताना मृत्यू झाला. भुलीचे औषध जास्त दिल्याचा आरोप कुटुंबीयांनी केला आणि पोलिसांनी निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला.

दातांसाठी दिल्या जाणाऱ्या स्थानिक भुलीची कमाल मात्रा वजनानुसार ठरते. एकाच बैठकीत वरचे-खालचे अनेक दात करायचे म्हटले की इंजेक्शनांची संख्या वाढते. म्हणूनच रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, रक्त पातळ करणारी गोळी, औषधाची ॲलर्जी, गर्भारपण याबाबत एकही प्रश्न न विचारता खुर्चीवर बसवणाऱ्या दवाखान्यापासून सावध राहावे. गुंगीचे औषध देणार असतील तर भूलतज्ज्ञ आणि ऑक्सिजनची सोय आहे का, हेही विचारावे. लग्नाआधी सगळे एका दिवसात उरकण्याची घाई रुग्णाची असली, तरी नाही म्हणण्याची जबाबदारी डॉक्टरची असते.

पहिल्या भेटीत कोणते प्रश्न विचारावेत?

१. प्रत्यक्ष काम कोण करणार? पदवी आणि नोंदणी क्रमांक काय?

२. काहीच केले नाही तर दाताला अपाय होईल का? उत्तर ‘नाही’ असेल तर हा उपचार ऐच्छिक आहे आणि विचाराला वेळ आहे.

३. दात न घासता किंवा कमी घासता होणारा पर्याय कोणता?

४. हिरड्या आणि कीड यांची तपासणी झाली का? सुजलेल्या हिरडीवर बसवलेले व्हेनिअर नीट बसत नाही.

५. दात घासण्याआधी ‘मॉक-अप’ दाखवणार का? यात तात्पुरते मटेरिअल दातांवर लावून भावी आकार आरशात पाहता येतो. पसंत नसेल तर ते काढून टाकता येते.

६. अशाच प्रकारच्या तुमच्या रुग्णाचे दोन-तीन वर्षांनंतरचे फोटो आहेत का? ज्या दिवशी काम संपले त्या दिवशीचा फोटो सगळ्यांचाच चांगला येतो. ‘आधी’चा फोटो मंद उजेडात आणि ‘नंतर’चा झगझगीत उजेडात काढला असेल तर तुलनेला अर्थ उरत नाही.

७. एकूण खर्चात एक्स-रे, तात्पुरते दात, लॅबचा खर्च, दुरुस्ती हे सगळे धरले आहे का? हे लेखी मिळेल का? बहुतेक आरोग्य विम्यात सौंदर्योपचार वगळलेले असतात, त्यामुळे हा भार खिशावरच येतो.

८. इम्प्लांट असेल तर कंपनीचे नाव आणि बॅच क्रमांक असलेला स्टिकर मिळेल का? दहा वर्षांनी स्क्रू सैल झाला तर दुसऱ्या डॉक्टरला हाच स्टिकर लागतो.

‘आजच पैसे भरले तर सूट’ असे सांगून त्याच दिवशी दात घासायला घेणे, हा सर्वांत ठळक इशारा मानावा. दुसरे मत घ्यायचे असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आणि गोव्यात बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय हे पर्याय आहेत. तिथे गर्दी असते, वेळ लागतो. पण बहुतेक शाखांचे तज्ज्ञ एका छताखाली असतात आणि दात घासण्याचा सल्ला देण्यात त्यांचा आर्थिक फायदा नसतो.

बिघडले तर दाद कुठे मागायची?

तीन मार्ग आहेत. व्यावसायिक गैरवर्तन किंवा खोट्या पदवीची तक्रार राज्य दंत परिषदेकडे करता येते. नुकसानभरपाईसाठी ग्राहक आयोग आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे. सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, ५ लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. ती ‘ई-जागृती’ पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करता येते, तर मार्गदर्शनासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन क्रमांक आहे. जिवाला इजा पोहोचण्याइतका गंभीर निष्काळजीपणा असेल तर पोलिसांत तक्रार देता येते. मात्र अशा प्रकरणात वैद्यकीय तज्ज्ञांचे मत महत्त्वाचे ठरते.

संमतीचा मुद्दाही इथे मोलाचा आहे. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले की, एका उपचाराला दिलेली संमती दुसऱ्या उपचाराला लागू होत नाही. अपवाद फक्त जीव वाचवण्यासाठी तातडीने करावे लागणाऱ्या उपचाराचा. उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि धोके समजावून न सांगता घेतलेली सही पुरेशी नाही, असेही न्यायालयाने म्हटले. म्हणजे चार दातांच्या व्हेनिअरला होकार दिला असताना आठ दात घासले, किंवा व्हेनिअर सांगून कॅप बसवली, तर ‘तुम्ही फॉर्मवर सही केली होती’ एवढे उत्तर पुरत नाही.

पण हे सिद्ध करायला कागद लागतो. दंतवैद्याने रुग्णाच्या नोंदी किमान तीन वर्षे जपून ठेवायच्या असतात. रुग्णानेही उपचाराआधीचे दातांचे फोटो, एक्स-रेची प्रत, लेखी खर्चपत्रक, संमतीपत्राची प्रत आणि नोंदणी क्रमांक असलेली पावती स्वतःकडे ठेवावी. व्हॉट्सॲपवर झालेले बोलणेही पुसू नये. उपचार चांगला झाला तरी हे कागद वाया जात नाहीत. दहा-पंधरा वर्षांनी व्हेनिअर बदलायची वेळ येईल तेव्हा नव्या डॉक्टरला सगळ्यात आधी तेच लागतील.